मालकांचा हात आणि उजळलेली ओळ

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या वखारीसाठी मी प्रोग्राम लिहीत होतो. तेव्हा पडद्यावरची यादी आयती मिळत नसे, एकेक ओळ आपणच काढायची. अक्षरं कुठे टाकायची, कुठल्या ओळीला उजेड द्यायचा, बाणाची कळ दाबली की मागच्या ओळीचा उजेड कसा पुसायचा, सगळं हाताने. ते जमवताना माझा घाम निघाला होता आणि जमल्यावर मी स्वतःवर भलताच खूष होतो.

वखारीचे मालक घसरून पडल्यापासून खुर्चीला खिळले होते. आंबे पिकत घालायची खोली चार पायऱ्या खाली. तिथे पेंढ्यावर आंब्यांचे थर रचलेले असत, अशा प्रत्येक आढीमागे भिंतीवर खडूने नंबर. कोणी उचलून न्यायला आलं की ते म्हणत, "मी काय पेटी आहे?" मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने हा कॉम्प्युटर वरच्या ऑफिसात आणून दिला आणि बजावलं, "बाबा, हा सीझन इथे बसून निभावलात तर ठीक. नाहीतर माझ्याकडे यायचं." समुद्र सोडून मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचं या कल्पनेनेच म्हाताऱ्याचा चेहरा उतरे. माझाही उतरे, कारण माणूस मला फार आवडायचा.

पहिल्या सकाळी मी प्रोग्राम सुरू केला, आढ्यांच्या नंबरांची यादी दाखवली आणि चहा घ्यायला गेलो. परतलो तर खाली एक नंबरची आढी उघडून पडलेली. आंबे हिरवेगार, दगडासारखे. कामावरच्या बायकांच्या प्रमुख काकी शांतपणे म्हणाल्या, "मालकांनी हात ठेवलानी ना. ऑफिसच्या खिडकीतून दिसला माला."

त्या वखारीची रीतच तशी होती. मालक सकाळी खोलीतून फिरत, एखाद्या आढीवर हात ठेवत आणि पुढे जात. बोलणं नाही. हात पडला की बायका ती आढी उघडत. आता हाताऐवजी पडद्यावर उजळलेली ओळ बघायची, असं ठरलं होतं. आणि माझ्या यादीत प्रोग्राम सुरू होताच पहिली ओळ आपोआप उजळत होती, कारण उजेड कुठल्या तरी ओळीवर असायचाच, असं मी शिकलो होतो.

मी चिडलो. प्रोग्राम बरोबर आहे, म्हणून हुज्जत घातली. मालकांनी ऐकून घेतलं. "तुझं चुकलं नाही, मेल्या. तिचंही नाही. मी हात ठेवला नव्हता आणि तो दिसला, एवढंच."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मालकांना लपवाछपवी जमत नसे, त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "शनिवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवा."

मी यादी पुन्हा काढायला बसलो. आता सुरुवातीला एकही ओळ उजळत नव्हती. नुसतं बघत असलात तर कडेला बारीक खूण सरके. एंटर दाबलं तरच अख्खी ओळ उजळे. बघणं वेगळं आणि हात ठेवणं वेगळं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

शनिवारी मुलगा आला. मालकांची ट्रंक दाराशी बांधून तयार होती. काकींनी तीन आढ्यांतला एकेक आंबा ताटलीत आणून ठेवला आणि त्या पेट्या मोजायला अंगणात गेल्या. मालकांनी एकेक आंबा नाकाशी धरला, देठाजवळ अंगठा टेकवला. मग सावकाश बाण दाबत खूण खाली नेली. खूण थांबली तरी ओळ उजळली नाही. त्यांनी एंटर दाबलं आणि सात नंबरची ओळ उजळली.

मुलाने पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तो पायऱ्या उतरून गेला आणि सात नंबरच्या आढीवरचा पेंढा स्वतःच्या हातांनी बाजूला करू लागला. वास वर ऑफिसपर्यंत आला.

दुपारी गाडी निघाली तेव्हा तो तिच्यात एकटाच बसला.