वैशालीचे तीन दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — कारण आता लपवायचाही कंटाळा आलाय.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात, मी बावीस वर्षं आहे. शेजारच्या टेबलावर वैशाली बसायची. मुकुंदवाडीत ती आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा कंपनीनं तिला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली. सकाळी वडिलांचा व्यायाम घ्यायचा, मग लॅपटॉप उघडायचा.

तिचं काम बिघडलं का? नाही — उलट सुधारलं. पहिल्या रिंगला फोन उचलायची. ऑफिसला यायची त्या दिवशी चेहरा टवटवीत. एकदा डबा खाताना म्हणाली, "काका, आता नोकरी लई बरी वाटायली."

मला ते खुपलं. माझी बायको ऑपरेशननंतर पडून होती, तेव्हा तिला शेजारणीच्या भरवशावर टाकून मी सातची बस धरत होतो ना? तेव्हा मला कुणी विचारलं होतं? — खरं तर मीही कुणाला विचारलं नव्हतं. तोंडच उघडलं नव्हतं.

मग नवे मॅनेजर आले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुम्ही सगळ्यांत जुने. घरून नीट काम होतं का हो वैशालीचं?"

एवढंच. 'होतं' म्हणायचं होतं. मी म्हणालो — "फोन लागत नाही, साहेब. बऱ्याचदा."

सोमवारपासून तिची मुभा बंद. वडिलांपाशी दिवसभरासाठी एक बाई ठेवून ती रोज येऊ लागली. व्यायाम मागं पडला. दर तासाला जिन्यात जाऊन घरी फोन लावायची. हसणं गेलं, ऑर्डरींमध्ये चुका व्हायला लागल्या. मी त्या गुपचूप दुरुस्त करायचो — त्यानं काय होणार होतं? चार महिन्यांत तिनं राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी माझ्यापाशी आली. "काका, साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे. तुम्ही माझ्या बाजूनंच बोलला असाल. मला माहितंय."

"बोललो होतो," मी म्हणालो.

पहिलं खोटं जळफळाटातून आलं. आणि हे? तिची नजर बदलेल, या भीतीनं. बस्स.

पुढं अशाच अडचणींपायी आणखी दोघं सोडून गेले, तेव्हा कंपनीनं सगळ्यांनाच आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची सोय केली. मीही ती घेतो. बुधवारी आणि शुक्रवारी. बायकोसोबत सावकाश चहा होतो, मग कामाला बसतो. काम चांगलं होतं.

मॅनेजरांनी परवा विचारलं, कसं वाटतं घरून?

"लई बरं वाटतं, साहेब," म्हणालो. आणि ते खरं होतं.