फ्रेमखालचा मेन स्विच

वेळेचं नियोजन माणसाला निर्भय करतं, असं आमच्या साहेबांनी सोनेरी अक्षरांत फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. फ्रेमखाली मेन स्विच होता. ऑफिस सांभाळणाऱ्या वाघमारे मॅडम त्या दिशेने वळल्या की कर्वेनगरातल्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात सगळे टाइप करता करता थांबायचे.

त्या न सांगता स्विच पाडायच्या. यूपीएस टीं-टीं करू लागायचा. संगणक बंद पडायच्या आत एकच काम सेव्ह करायची परवानगी होती.

"जे वाचवलंत, ते रोज आधी करायचं. बाकी हौस."

कुलकर्णीने एकदा घाबरून रिपोर्टच्या मुखपृष्ठाचे रंग वाचवले. "छान," मॅडम म्हणाल्या. "रंग खाऊन दिवस काढा."

जेवताना मी विचारलं, "मॅडम, एवढं भेदरवता कशाला?"

"भोसरीला कारखान्यात होते मी. सकाळी गेले तर गेटला कुलूप. माझा डबा अजून आत आहे. कुलूप सांगून लागत नाही, अहो."

मग अमेरिकेतली गिऱ्हाइकं गळू लागली. शेजारचं ऑफिस एका रात्रीत रिकामं झालं. आमचे साहेब फोन घेऊन जिन्यात जाऊ लागले. एका दुपारी "रिपोर्ट आजच हवा" एवढं बजावून ते पुन्हा जिन्यात गेले, आणि मॅडमनी स्विच पाडला. आम्ही सगळ्यांनी रिपोर्ट वाचवला.

"चुकलात." मॅडम जिन्याच्या दाराकडे बघत म्हणाल्या. "रिपोर्ट बुडाला तर साहेब बुडतील. तुम्ही कशाने बुडाल? आधी सगळ्यांची अनुभवपत्रं टाइप करा."

त्यांनी स्विच वर केला. प्रिंटर करकरू लागला. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही छापलेले कागद फायलीखाली सारायचो. शेवटी साहेब आलेच.

"हे काय आता? रिपोर्ट कुठंय?"

"सह्या झाल्या की लगेच, सर. तोवर रिपोर्टला कुणी हात लावणार नाही."

साहेबांनी न वाचता सह्या केल्या. निर्भय माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप होतं. वॉचमनला काही माहीत नव्हतं. आम्ही पिशव्यांतली पत्रं चाचपत उभे राहिलो. मॅडम कुलपाकडे बघत होत्या. आता त्या काहीतरी मोठं बोलणार, असं मला वाटलं.

"डबा पुन्हा आत राहिला," त्या म्हणाल्या.

त्या पत्रांवर आम्हाला नोकऱ्या मिळाल्या, मॅडमनाही मिळाली. डबा मिळाला नाही.