रुखवतातला ट्रक

माझं लग्न ठरलं आणि आईच्या लक्षात आलं की आपल्या मुलीला काहीच येत नाही. काहीच म्हणजे रुखवतात मांडण्यासारखं काही.

आमच्या रोह्यात तेव्हा, नव्वदच्या दशकात, मुलीचं लग्न म्हटलं की हॉलच्या एका भिंतीला लांबलचक टेबल लागायचं. त्यावर नव्या भांड्यांची उतरंड, लाडू-करंज्यांची ताटं आणि मधोमध मुलीनं ‘स्वतः’ केलेल्या वस्तू. मण्यांचा ससा, लोकरीचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी. यातल्या निम्म्या वस्तू मावशीनं नाहीतर शेजारणीनं केलेल्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी नवऱ्याकडच्या बायका वाकून वाकून बघणार आणि मुलीचा हात चांगला आहे हो, असं म्हणणार. माझ्या हातात सुई दिली तर मी ती हरवायची. मला एकच गोष्ट यायची. मी ट्रक बांधायची.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे ट्रक. एकात एक घट्ट बसतात ना, ते ठोकळे. आमच्या शेजारी पूर्वी एक बेने इस्रायल कुटुंब राहायचं, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. ते सगळे तिकडे इस्रायलला निघून गेले, पण मैत्रीण मात्र अधूनमधून तिच्या काकांना भेटायला यायची आणि तिथल्या भाच्यांना नकोसे झालेले ठोकळे पिशवी भरून माझ्यासाठी आणायची. इतकी वर्षं तिकडे राहून ती माझ्यापेक्षा चोख मराठी बोलायची आणि वर मलाच चिडवायची, की घोडी झालीस तरी गाड्या गाड्याच खेळतेस का गं. मी म्हणायची, खेळत नाही, बांधते. या दोन शब्दांतला फरक कोणी समजून घेतला नाही की माझं डोकं फिरायचं. दिवसभर मी टायपिंगच्या क्लासला पोरांना शिकवायची आणि संध्याकाळी घरी आले की बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा उघडून जमिनीवर बसायची.

आणि माझे ट्रक मापात असायचे. उगाच चार चाकं आणि वर खोकं, असला पोरखेळ नाही. आईचं माहेर खांब गावचं, हायवेला लागून. तिथे चहाच्या टपरीपाशी ट्रक थांबायचे. मी मामाकडे गेले की शिंप्याची टेप घेऊन तिथे हजर. हौदा किती लांब, फाळका किती उंच, चाक जमिनीपासून कुठवर. एकदा एका ड्रायव्हरला वाटलं की मी आरटीओची माणूस आहे. तो चहा टाकून कागदपत्रं काढायला धावला. खरं काय ते कळल्यावर त्यानं मला केबिनमध्ये चढू दिलं आणि स्टिअरिंगचंसुद्धा माप घेऊ दिलं. घरी आले की माझा हिशेब साधा होता. खऱ्या गाडीत जिथे एक हात, तिथे माझ्या गाडीत एक बोट. चाकं मात्र आपल्याला हवी तशी मिळत नाहीत, ती डब्यात असतील तीच. म्हणून आधी चाक बघायचं आणि त्याला शोभेल अशीच गाडी करायची.

वडील कंपनीत शिफ्टला. ते घरी आले की नव्या गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि कौतुकानं म्हणायचे, पासिंग झालंय का? आईला मात्र हा सगळा पसारा वाटायचा. केर काढताना पायाखाली ठोकळा आला की ती जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही.

तर लग्न ठरलं. मुलगा पेणचा, घरचा गणपतींचा कारखाना. बघायला आले तेव्हा त्यानं मला आवड काय म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तोच आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी वाचन म्हटलं. काय वाचता, असं त्यानं विचारलं असतं तर माझी पंचाईत होती. पण तो बिचारा लाजून पोहे खात बसला.

पाहुणे गेले आणि आईनं फर्मान काढलं. आता हे बंद. डबा मामाच्या पोरांना द्यायचा, तसं तिनं मामीला कबूलही करून टाकलं होतं. लग्न झालेली बाई सासरी खेळणी घेऊन गेली तर ते लोक काय म्हणतील, हिच्या आईनं हिला काही वळण लावलं नाही. मी भांडले. रडले. दोन वेळचं जेवण टाकलं. तिसऱ्या वेळी बोंबलाची आमटी होती, तेव्हा जेवले. आई काही हलली नाही. वडिलांकडे पाहिलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. घरातल्या लढाईत हा माणूस कायम तटस्थ राष्ट्र.

मला तेव्हा खरंच धास्ती वाटली होती, ते सांगितलंच पाहिजे. नवरा आवडला होता. पेण काही लांब नव्हतं. पण तिथे माझं म्हणावं असं काय असणार होतं? भांडी आहेरातली, साड्या आईनं निवडलेल्या, नावसुद्धा बदलणार. ठोकळ्यांचा डबा तेवढा माझा, आणि नेमका तोच मागे राहणार.

वाट आईनंच दाखवली, तिला न कळता. रुखवताची तयारी सुरू झाली आणि टेबलाची मधली जागा रिकामी. विणकाम नाही, भरतकाम नाही, शेजारीण बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे उसनी झोपडीही नाही. शेवटी आई कंटाळून म्हणाली, कर एक ट्रक, निदान हातानं केलेला तरी असेल. पण एकच. आणि मग सहज पुढे म्हणाली, नीट कर हो, रुखवतात मांडलेलं परत घ्यायचं नसतं, मांडलं ते तिकडचं झालं.

मी चहा पीत होते. चहा तिथेच राहिला.

मांडलं ते तिकडचं झालं. म्हणजे ट्रकमध्ये जेवढे ठोकळे जातील तेवढे पेणला, आणि उरतील ते मामाच्या पोरांना. मग उरवायचेच कशाला? सगळा डबा एका ट्रकमध्ये बसवायचा. आता अडचण बघा. सगळे ठोकळे घालायचे तर गाडी होणार आगगाडीएवढी, आणि माप सोडायचं तर मी जन्मात सोडणार नाही. चार दिवस मी डोकं खाजवलं. मग कोलाड नाक्यावर एसटीच्या खिडकीतून मला उत्तर दिसलं. समोरून पेंढ्याची गाडी येत होती. खाली ट्रक ट्रकाएवढा, आणि वर पेंढा दोन्हीकडे लोंबतोय, केबिनच्या डोक्यावरून पुढे आलाय, अर्धा रस्ता त्यानंच अडवलाय. तिला कोणी विचारतं का, माप कुठाय म्हणून? पेंढा असा फुगलेलाच असतो.

मग काय विचारता. खाली मापातला ट्रक केला, लाल केबिन, निळा हौदा, फाळक्यावर रंगानं ‘आईची कृपा’ लिहिलं. ते वाचून आई म्हणाली, माझी नाय, देवीची. पण दोनदा वाचलं तिनं. वर पेंढा. पिवळे ठोकळे बाहेरून लावले आणि पोटात उरलेले सगळे कोंबले. पांढरे, हिरवे, काळे, जास्तीची चाकं, दारं, खिडक्या. पिवळे कमी पडले तिथे करड्या ठोकळ्यांची ताडपत्री केली. डब्याचा तळ दिसला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले. मामाच्या पोरांसाठी एक रिकामा डबा उरला. तोही चांगला होता, बिस्किटांचा.

लग्नाच्या सकाळी मी हॉलच्या मागच्या खोलीत पिवळी साडी नेसून बसले होते. कपाळाला मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. वऱ्हाड पेणहून निघाल्याचा निरोप आला होता. बाहेर आई रुखवताच्या टेबलापाशी शेवटचा हात फिरवत होती. ऐन वेळी तिचा धीर सुटला असावा. भांड्यांच्या झगमगाटात तो अवाढव्य ट्रक बघून तिला वाटलं, हा थोडा मागे, उतरंडीच्या आड सरकवावा. तिनं त्याला पेंढ्याला धरून उचललं. आत एवढं वजन असेल याची तिला काय कल्पना!

आवाज आतपर्यंत आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी मुंडावळ्या सावरत बाहेर धावले. ट्रक टेबलावर, पेंढा आईच्या हातात, आणि पेंढ्याच्या पोटातून निघालेले ठोकळे सगळ्या हॉलभर. खुर्च्यांखाली, स्टेजखाली, भटजींच्या ताम्हनात. आई ते हिरवे-पांढरे ठोकळे बघत उभी राहिली आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

आणि त्याच वेळी दारातून माझ्या सासूबाई आत आल्या. वरमाय! पैठणी, नथ, मागे करवल्या. अशा वेळी वरमाईनं काय करायचं असतं? थांबायचं असतं, मान घ्यायचा असतो. त्यांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि पैठणीचा ओचा खोचून सरळ खाली बसल्या. ठोकळे वेचायला लागल्या. आई हातातला पेंढा तसाच धरून धावली. अहो, तुम्ही नका, तुम्ही उठा आधी, असं ती म्हणत होती आणि तिचा आवाज रडवेला झाला होता.

सासूबाई न उठताच म्हणाल्या, “रुखवत आमचं ना? मग आमचं आम्ही उचलतो.”

करवल्याही बसल्या. वडील पेपर सोडून, म्हणजे त्या दिवशी फेटा सोडून, स्टेजखाली वाकले. सगळे ठोकळे एका नव्या पातेल्यात जमायला लागले. तेवढ्यात मामी आली. तिचा काही वाईट हेतू नव्हता, तिच्या तोंडून निघून गेलं, ताई, हे तर आमच्या मुलांना द्यायचे होते ना?

मी आईकडे बघत होते. तिनं नुसतं “हो” म्हटलं असतं तर संपलं होतं सगळं. सांडलेले ठोकळे काही मांडलेले नव्हते, लपवलेले होते, आणि लपवलेलं रुखवतात धरायचं का, हा प्रश्न तिच्या बाजूनं बिनतोड होता.

आई म्हणाली, “नाय गो. हे रुखवतातलं हाय. मांडलं ते गेलं.”

मग ती सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. हातातला पेंढा पातेल्यात ठेवला आणि खालच्या आवाजात त्यांना म्हणाली, “एक सांगू का विहीणबाई? ही हे करायला बसली की हिला हाक ऐकू येत नाय. मला वाटायचं मुद्दाम करते. मुद्दाम नाय करत ती. तेवढं जरा सांभाळून घ्या.”

सासूबाईंनी हातातला ठोकळा बघितला. “आमच्याकडे गणपतीचे डोळे मी रंगवते,” त्या म्हणाल्या. “मी बसले की घरात कोणी मला हाक मारत नाय. हिलापण नाय मारणार.”

मला रडू आवरेना. तिकडे नवऱ्याकडच्या बायका म्हणायला लागल्या की मुलगी आत्ताच रडतेय, पाठवणीला काय करेल. पाठवणीला मी काही रडले नाही. पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसले होते, त्याकडे लक्ष होतं. नवऱ्यानं विचारलं, यात काय आहे? म्हटलं, ट्रक आहे, सुटा. तो म्हणाला, वाचन म्हणाली होतीस ना? मी म्हटलं, पुढचं घरी गेल्यावर सांगते.

लग्नानंतर आई पहिल्यांदा पेणला आली ती पावसाळ्याआधी. कारखान्यात शाडूची माती कालवून ठेवलेली, मूर्तींच्या रांगा लागायला नुकती सुरुवात झालेली. दुपारची जेवणं झाली होती आणि मी मागच्या पडवीत पेंढा पुन्हा बांधत होते. धरमतर बंदरातून कोळसा नेणाऱ्या गाड्या दारावरून जायच्या, त्यातली एक करायचीही मनात होतं. केव्हातरी पाठ दुखली म्हणून मान वर केली, तर पडवीच्या पायरीवर आई बसलेली. पिशवी मांडीवर. शेजारी चहाची कपबशी, चहा पिऊन झालेला, त्यावर माशा बसलेल्या.

“कधी आलीस?” मी विचारलं.

“मगाशीच.”

“अगं मग हाक नाही का मारायचीस?”

“तुझ्या सासूला लग्नातच सांगून बसलेय ना,” आई म्हणाली. “आता मीच कशी मारू?”