आकाशातली रापण

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा वेंगुर्ल्यात कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की जगातल्या प्रत्येक अन्यायाविरुद्ध पत्रक काढत. मी अक्षरं शिकले ती खळ लावलेल्या कागदांवर. त्यामुळे लिखाण कसं असावं याबद्दल माझी मतं ठाम होती. पहिल्या ओळीत बंधुभगिनींना हाक, दुसऱ्या ओळीत शत्रूचं नाव, शेवटी सभेची वेळ आणि जागा. बाकी सगळं फापटपसारा.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी बांद्याहून मामा आला. त्याचं तिथे चहाचं हॉटेल होतं. त्याने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. कुणी फौजी बाकावर विसरून गेला होता. वर तारे, खाली आगी ओकणारी जहाजं.

"तू इंग्रजी शिकलंस मा? मगे घे. माझ्याकडे भजी बांधूकय कामाचा नाय, कागद जाड आसा."

मी उघडलं. आकाशात लढाई चालू होती. कधीपासून, कशासाठी, कुणाशी, काही सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या घंटेनंतर ओसेलच्या जहाजांनी मौन पांघरलं. ओसेल कोण? मौन पांघरतात कसं? शब्दकोशात ओसेल नव्हता. लेखक मात्र असा पुढे चालला होता, जणू मी ओसेलांच्या शेजारीच लहानाची मोठी झाले. पन्नासाव्या पानावर मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "शत्रू कोण?" शंभराव्या पानावर पुन्हा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"कुठल्या बाजूचं पुस्तक आहे?" बाबांनी विचारलं. तत्त्वाचा प्रश्न आला की ते मालवणी सोडून शुद्ध मराठीत जात.

"अजून कळलं नाही."

"शंभर पानं झाली आणि बाजू कळली नाही? असल्या माणसाला सभेत बोलू देऊ नये!"

माझंही मत तेच होतं. पण पुस्तक सोडवत नव्हतं, याची मला फार लाज वाटत होती.

रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर मी पुटपुटत अर्थ लावत बसले होते. "रापण बाहेर पडली. पहाटेपर्यंत रापण दोन्हीकडून आवळत आणेल, मग एकही जहाज सुटणार नाही." इंग्रजीत अगदी आर, ए, पी, ए, एन. रापण, आमच्या किनाऱ्यावर ओढतात ते लांबलचक जाळं! एवढ्या पानांत पहिल्यांदा ओळखीचा शब्द.

रस्त्याने रापणीचे म्हातारे तांडेल चालले होते. किनाऱ्यावर अर्ध्या गावाला जाळं ओढायला लावणारा माणूस. ते थांबले.

"काय गो, रापण खंय लागली?"

"आकाशात."

"थंय मासो आसा?"

मी वाचून सांगितलं. ते पायरीवर बसले. "डाव्या बाजूक माणसां कमी आसात," ते गंभीरपणे म्हणाले. "थंयसून सुटतले."

पुढच्या प्रकरणात शत्रूची जहाजं खरंच डावीकडून निसटली. तांडेल उभे राहून रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "मी काय सांगलंय?"

पुढच्या रविवारी ओसरीवर तेरा रापणकार होते. ही गोष्ट साधी नव्हती. 'मच्छीमार बंधूंनो, वाचनालय तुमचेच आहे!' अशी पत्रकं मी आणि बाबांनी तीन वर्षं वाटली होती. ती सुके बांगडे बांधून घरी परत आली, बंधू आले नाहीत. आता ते बाकांसाठी भांडत होते. मीही रंगात आले. मौन पांघरणं म्हणजे दिवा मालवून होडी नेणं, असं त्यांनीच मला समजावलं.

चौथ्या आठवड्यात, घरी पुढचं वाचताना, मी एका ओळीवर अडकले. "रापणने डोळे पुसले आणि मुलाला पत्र लिहायला घेतलं."

जाळं डोळे पुसत नाही. मी मागची पानं उलटली. सगळीकडे आर मोठा होता. आपल्या लिपीत अक्षरं लहानमोठी नसतात आणि इंग्रजी पत्रकांत सगळीच मोठी असतात, म्हणून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. रापण हा हुद्दा होता. ती आरमाराची मुख्य होती. बाई होती.

गप्प बसले तर कुणालाच कळणार नव्हतं. सांगितलं तर तेरा माणसं उठून जातील आणि पुन्हा ओसरीवर चढणार नाहीत. दुसऱ्यांच्या खोटेपणावर मी इतकी पत्रकं लिहिली होती, पण स्वतःच्या चुकीवर लिहायला घेतलं तेव्हा 'जाहीर खुलासा' या दोन शब्दांपुढे हात जाईना.

रविवारी उभी राहिले. दोन शब्दांचा तो कागद ठेवायला नसलेला खिसा शोधला, शेवटी पदरात लपवला. "माझी चूक झाली. रापण म्हणजे जाळं नाही. ती एक बाई आहे, आता मुलाला पत्र लिहायला बसलीय."

 तांडेलांनी तंबाखू थुंकली, तोंड पुसलं.

"म्हणजे इतके दिस ती बाय एकटीच पसरली, एकटीच आवळूक गेली?"

"हो."

"तरीच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तरीच डावी बाजू सुटली! एकटी बाय काय काय करतली?"

तेराही जणांनी माना हलवल्या. उठलं कुणीच नाही.

"पण शत्रू कोण, ते ठरलं का?" मागच्या बाकावरून बाबांचा आवाज आला. मला धीर द्यायला म्हणून ते मुद्दाम आले होते.

तांडेलांनी वळूनही पाहिलं नाही. "ओगी रवा ओ भाऊ. वाच गो चेडवा, पोराक काय लिवल्यान तां वाच."