तीनदा मारलेला माणूस

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. नोकरीतल्या ज्या मोजक्या कामांचा मी उघड अभिमान बाळगतो, त्यांतलं हे एक. मी तेव्हा बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. ज्यांची लाज निघायला हवी होती त्यांची तेव्हाच निघाली.

मे महिन्याची सुट्टी होती. सकाळची हजेरी आटोपून मी आदल्या दिवसाच्या नोंदी वाचत होतो. सुभानपुऱ्यातले एक शिक्षक आदल्या सकाळपासून बेपत्ता होते. त्यांच्या पत्नीने तिकडच्या ठाण्यात तक्रार दिली होती आणि फोटोसह वर्णन सगळीकडे आलं होतं. तेवढ्यात समा भागातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"साहेब, आमच्या ग्रुपवर मर्डरचा व्हिडिओ फिरतोय. पोरगी तुमच्या हद्दीतली आहे, असं खाली लिहिलंय."

व्हिडिओ आमच्या हेड कॉन्स्टेबलच्या मोबाइलवरही येऊन पोचला होता. त्याला सगळे जमादार म्हणत. अंधारी खोली, एक मेणबत्ती. केस मोकळे सोडलेली मुलगी एका माणसाच्या छातीवर बसलेली. सुरा वर जातो, खाली येतो, रक्त उडतं. माणूस म्हणजे तेच बेपत्ता शिक्षक. आणि मुलीला ओळखायला फोटो लागत नव्हता. तिच्या गालांवर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते.

ती सोळा वर्षांची. घडियाळी पोळात, जुन्या घरांच्या एका अरुंद गल्लीत, आईबरोबर राहायची. घर आमच्यासारखंच मराठी, संस्थानच्या जुन्या शिपायांच्या वंशातलं. वडील नव्हते. आई चणियाचोळी शिवायची. तिने शिवलेले घागरे घालून पोळातल्या मुली नवरात्रात गरबा खेळायच्या, पण हिला वर्तुळात घेत नसत. "अडशो नहीं, चोंटी जशे," असं बायका आपल्या पोरींना बजावत. हात लावू नका, चिकटेल. कोड चिकटत नाही, हे डॉक्टर सांगून थकले. पण ज्याला माणूस दूर ठेवायचा असतो, त्याला डॉक्टर नको असतो.

महिला कॉन्स्टेबल साध्या कपड्यांत जाऊन मायलेकींना घेऊन आली. त्यांच्याआधी निम्मा पोळ ठाण्याच्या दारात हजर होता. "अमे तो पहेलेथी कहेता हता!" एक बाई ओरडत होती. आम्ही आधीपासून सांगत होतो म्हणे.

अल्पवयीन मुलीला कोठडीत ठेवता येत नाही. चौकशी तिच्या आईसमोर आणि वर्दीशिवाय करायची असते. कायदा तसं सांगतो. बरेच अधिकारी तो कायदा परीक्षेपुरता वाचतात. मी वर्दी उतरवून साधा शर्ट चढवला.

जमादार हसला. "साहेब, खून करणारीसाठी कपडे बदलायचे?"

"कायद्यासाठी बदलतोय. तूही बदल."

माझ्या खोलीत तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती घाबरली होती, पण नजर खाली नव्हती.

"व्हिडिओतल्या सरांना ओळखतेस?"

"हो. आमच्या पिक्चरमध्ये ते खुनी आहेत."

"पिक्चर?"

"भुताचा. म्हणजे भूत नाही, खुनी आहे. गावाने टाकलेल्या एका मुलीशी तो दोस्ती करतो. ती मुलगी मी."

"तू सरांना मारलंस?"

"मारलं ना. तीन वेळा."

जमादाराचं पेन धावू लागलं. आईने कपाळावर हात मारला.

"तीन वेळा कशाला?"

"पहिल्यांदा सरांना हसू आलं. दुसऱ्यांदा मेल्यावर शिंकले. तिसऱ्यांदा नीट मेले."

जमादार माझ्या कानाशी वाकला. "साहेब, कबुली आली. लिहून घेऊ?"

"शिंकसुद्धा लिहून घे," मी म्हणालो.

पण हसून भागणार नव्हतं. पिक्चरच्या दिग्दर्शकाचा फोन बंद, सरांचा फोन बंद. मी विचारलं, शूटिंग कुठे केलंत? आणि इथे ती पहिल्यांदा अडली.

"ते नाही सांगणार. सरांनी शपथ घातली आहे. कळलं तर त्यांची नोकरी जाईल."

"अगं, तुझ्यावर खुनाचा आळ आहे!" आई रडायला लागली. "सांग ना बाळा!"

"शपथ म्हणजे शपथ, आई."

तेवढ्यात वरून फोन आला. वरिष्ठ घाईत होते. "दारात पत्रकार उभे आहेत. पोरीने कबूल केलंय म्हणे?"

"सर, प्रेत नाही."

"ते मिळेल. तुम्ही जाहीर करा."

"सर, प्रेत मिळेपर्यंत ती आरोपी नाही. तिचं नाव आणि चेहरा माझ्या ठाण्यातून बाहेर जाणार नाही."

"जबाबदारी तुमची."

"माझीच, सर."

मी फोन ठेवला. आवाज थरथरला नव्हता, आणि ते मला आजही पुरेसं वाटतं.

मी दार लावून घेतलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला. सकाळपासून तो सगळ्यांनी गोंगाटात, डोळे फाडून बघितला होता. ऐकला कोणीच नव्हता. मी मोबाइल कानाला लावून डोळे मिटले. मुलीची किंकाळी. सरांचं कण्हणं. आणि मागे, लांबून, एक ओळखीची हाक: "पस्तीऽऽ, भंगाऽऽर!"

पुन्हा लावला. पुन्हा तीच हाक.

रद्दी घेणारा अंधारात फिरत नाही. तो फिरतो दुपारी, घरातल्या बायका मोकळ्या झाल्या की. म्हणजे व्हिडिओतली रात्र खोटी होती.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. "शूटिंग कुठे केलं ते सांगू नकोस. फक्त एवढं सांग, दुपार होती ना?"

ती चमकली. मग हसली. "खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. रात्रीचं शूटिंग करायला लाइट आणावे लागतात. ते परवडत नव्हते."

आता मला प्रेत नको होतं, जिवंत माणूस हवा होता. मी सरांच्या पत्नीला फोन लावला. "ताई, घरातून काय काय गेलंय, जरा कपाट बघून सांगाल?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या नाहीत. आणि चार्जर."

मरायला निघालेला माणूस गोळ्या नेत नाही, आणि ज्याला कोणी मारतं त्याला चार्जर घ्यायला सवड मिळत नाही. हा माणूस लपला होता. समामध्ये त्यांचा एक मित्र घरीच रेकॉर्डिंगचं काम करतो, हे ताईंनीच सांगितलं.

आम्ही दार वाजवलं तेव्हा मयत इसम शेव-उसळ खात होते. शेजारी दिग्दर्शक, मिशी नीट न फुटलेला.

"व्हिडिओ पाहिलात?" मी सरांना विचारलं.

"काल सकाळीच. याने स्वतःच्या एका मित्राला दाखवायला पाठवला होता, त्याने पुढे ढकलला." ते पुटपुटले. "साहेब, शाळेतली बंद खोली मी न विचारता उघडली होती. नोकरी जाईल. आणि आमचे वडील... आमच्या घराण्यात सगळे विद्वान. मी असल्या पिक्चरमध्ये..."

"ती मुलगी सकाळपासून माझ्या ठाण्यात बसली आहे. तुमची शपथ पाळत."

त्यांनी वाटी खाली ठेवली. उठून चपला शोधू लागले.

शाळेच्या खोलीचा पंचनामा झाला. काळे कागद तसेच होते. फरशीवरच्या रक्ताला मुंग्या लागल्या होत्या, कारण ते साखरेच्या पाकात रंग कालवून केलं होतं. सुरा पत्र्याचा.

कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं. मी संपवलं नाही. आईला विचारलं, मुलीला विचारलं, आणि सरांना त्या दोघींबरोबर पोळात चालत नेलं. जीप नाही. भर उजेडात, सगळ्यांच्या दारांसमोरून. सकाळी ठाण्यात ओरडणारी बाई पुढे आली आणि तिने सरांचा दंड चाचपून पाहिला.

"आ तो जीवे छे!"

"काकी," मुलगी म्हणाली, "हात लावलात? मी तर त्यांना तीनदा धरलं होतं. बघा हं, चोंटशे."

कोणाला हसावं की नाही ते कळेना. सर हात जोडून म्हणाले, "चूक माझी. मी लपून बसलो होतो." एवढं तरी ते बोलले.

या तपासाने मला शिकवलं ते असं. त्या लोकांनी व्हिडिओ पाहून निकाल दिला नव्हता. त्यांनी तो नवरात्रात, एका पोरीला वर्तुळाबाहेर उभं करताना, केव्हाच देऊन टाकला होता. पोलिसाने अशा तयार निकालाचा टपालवाला व्हायचं नसतं. कायद्याने दिलेली खुर्ची, पाणी आणि साधा शर्ट या गोष्टी क्षुल्लक दिसतात. त्या दिवशी एक आयुष्य त्यांनीच वाचवलं, हे मी अभिमानाने सांगतो.

पुढे पिक्चर पूर्ण झाला. एका लहानशा हॉलमध्ये दाखवला, मला आमंत्रण होतं. ती मुलगी आई आणि माझ्या मधे बसली होती. शेवटचा प्रसंग आला. अंधारी खोली, मेणबत्ती, वर गेलेला सुरा, हॉलमध्ये श्वास रोखलेले. आणि मागून, लांबून: "पस्तीऽऽ, भंगाऽऽर!"

हॉल खदखदून हसला. दिग्दर्शक ती हाक काढणार होता, हिने काढू दिली नव्हती.

ती माझ्याकडे झुकली आणि कुजबुजली, "साहेब, तुमचा सीन आला."