आक्कांची गाठ आणि आमची गाडी

नोकरी कुठलीही असू दे, दहा वर्षं काढली की किस्से साठतातच. बँकेतल्या लोकांकडे असतात, एसटीतल्या लोकांकडे तर पोत्यानं असतात. फरक एवढाच, की ते लोक आपले किस्से लग्नाच्या पंगतीत सांगू शकतात. मी सुरुवात केली की शेजारची बाई जिलेबी अर्धी ठेवून मुलाला शोधायला उठते.

मी मॅमोग्राफीच्या गाडीवर टेक्निशियन आहे. बसएवढी गाडी, आत मशीन. ती घेऊन आम्ही सातारा-सांगलीकडच्या गावागावांत जातो आणि चाळिशीपुढच्या बायकांच्या स्तनांचे एक्स-रे काढतो. वाचलंत ना पूर्ण वाक्य? शाब्बास. आमच्या सासरी ते अजून पूर्ण झालेलं नाही.

लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "काय करतात आपल्या कन्या?"

आई घाईनं म्हणाली, "एक्स-रे काढते."

"कसले?"

"छातीचे."

पुढची दोन वर्षं सासरच्या समजुतीप्रमाणे मी टीबीच्या खात्यात होते. घरात कुणी खोकलं की त्याला माझ्यासमोर आणून बसवायचे. मी पण बघायची. काय करणार!

*

आमचं काम समजायला सोपं आहे. मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन घट्ट दाबायचा आणि फोटो काढायचा; क्षणभर कळ लागते, एवढंच. गाठ लहान असते तेव्हा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई येत नाही. बाई येते तोवर गाठ लहान राहिलेली नसते. लहान असताना सापडली तर बाई बरी होऊन घरी जाते आणि पुन्हा भांडायला लागते. आम्हाला तेवढंच हवं असतं.

गेल्या वर्षी एका गाठीनं आमचं डोकं खाल्लं. वडूजच्या पुढं एक वस्ती आहे. तिथल्या आशाताईचं नाव संगीता. तिचा फोन आला, "ताई, आमच्या हितं एक गाठ हाय. पन बाई काय गाडीवर यायची न्हाई."

बाई म्हणजे सोनाबाई. वय चौसष्ट, सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणते. अंगाला तेल लावताना सुनेच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. आक्का म्हणाल्या, "कुनाला बोललीस तर बग!" सून सुनंदा, एरवी सासूच्या शब्दाबाहेर नाही. तिनं त्याच दिवशी संगीताला सांगितलं.

आम्ही त्या वस्तीवर कॅम्प लावला. एकवीस बायका आल्या, आक्का नाहीत. संगीता बोलवायला गेली, तर दारातूनच निरोप आला, "शेळी व्यायला झालीया. ती मोकळी झाली की येते."

संध्याकाळपर्यंत थांबलो. शेळी काही मोकळी होईना. शेवटी संगीता गोठ्यात जाऊन बघून आली. आक्कांच्या घरात त्या दिवशी एकच जनावर होतं आणि तो बोकड होता.

*

गाडी चालवतात ते आमचे मामा. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर. गाडीजवळ गडीमाणूस दिसला तर बायका चढत नाहीत, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मामा, गाडी लावली की दोनशे पावलं लांब बसायचं. गाडीकडे पाठ करून."

मेढ्याच्या बाजूला एका गावात जनरेटर बंद पडला. तो चालू करणं मामांशिवाय कुणाला जमत नाही. मॅडमनी फोन केला. मामा झाडाखालून उठले आणि उलटे चालत आले! दोनशे पावलं, शेताच्या बांधावरून, गाडीकडे पाठ करून. उलटाच हात मागं घालून जनरेटर चालू केला आणि सरळ चालत परत गेले.

रांगेतल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "ह्या मानसाला काय झालंय गं?"

मी म्हटलं, "फौजेत होते."

"हां, मग बराबर हाय," म्हातारी म्हणाली आणि गाडीत चढली.

त्याच दिवशी कॅम्प संपल्यावर आम्ही आवराआवर करून चहा पिऊन बसलो, तरी मामा झाडाखालीच. पाऊस सुरू झालेला, छत्री उघडून पाठमोरे बसलेले. मॅडमनी फोन केला, "मामा, तासाभरापूर्वी संपलंय सगळं."

मामा म्हणाले, "मला रिलीव्ह कुनी केलं न्हाई, मॅडम."

*

महाबळेश्वरला एक टॅक्सीवाले बायकोला घेऊन आले. स्वतःहून बायकोला आणणारा नवरा आमच्याकडे क्वचित येतो, म्हणून मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. तीच चूक झाली. पर्यटकांना पॉइंट दाखवून दाखवून त्यांना सगळ्याची उत्तरं द्यायची सवय.

मॅडमनी बायकोला विचारलं, "वय किती?"

नवरा म्हणाला, "शेहेचाळीस."

"मुलं किती?"

"दोन. थोरला पुण्याला."

"कधी गाठ वगैरे जाणवली?"

"अजिबात न्हाई. एकदम ओके."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आता मशीनवर पण तुम्हीच चला."

तर ते उठले की हो! बूट काढून पायरीवर चढले सुद्धा. बायको खुर्चीतूनच म्हणाली, "घ्या त्यास्नी आत. एकदा कळू दे काय असतंय ते."

तिची तपासणी झाली, सगळं चांगलं निघालं. नवऱ्यानं बाहेर येऊन रांगेला जाहीर केलं, "आमचं नॉर्मल आलं."

तिथून खाली उतरताना संगीताचा फोन आला. आक्का आता गाठीवर हळदीचा लेप लावतायत आणि बरं वाटतंय म्हणतायत. मॅडम तापल्या. "दुखत नव्हतं ना? मग बरं काय वाटतंय त्यांना?" संगीता म्हणाली, "मॅडम, त्ये मी इचारलं. म्हनल्या, तुला न्हाई कळायचं."

*

तासगावच्या पुढं एका गावात सरपंचबाईंनी उद्घाटन केलं. फीत, नारळ, माईक, सगळं. अर्धा तास भाषण. "भगिनींनो, लाज सोडा! आपला जीव महत्त्वाचा! पहिली तपासणी माझीच होणार!" काय टाळ्या पडल्या म्हणता! मी आत जाऊन मशीन तयार केलं, नाव पुकारलं. सरपंचबाई गायब.

मॅडमनी मोबाईल लावला. "ताई, कुठं आहात?"

"अहो, अचानक तालुक्याला मीटिंग निघाली. आत्ताच पोचले बघा."

फोनवर आमच्या जनरेटरचा आवाज येत होता. मॅडम बोलत बोलत पायऱ्या उतरल्या, गाडीला वळसा घालून मागं गेल्या. सरपंचबाई मागच्या चाकाशी उभ्या, कानाला फोन. मॅडमनी अगदी शांतपणे विचारलं, "मीटिंग किती वाजता संपेल?"

"ही काय, संपलीच," म्हणून त्या मुकाट्यानं चढल्या.

*

तीन महिन्यांनी पुन्हा वडूजची पाळी आली. ह्या वेळी मॅडम ठरवून आल्या होत्या की आक्का आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नेमकी संगीता त्या दिवशी एक बाळंतीण घेऊन दवाखान्यात गेलेली. आक्कांना चेहऱ्यानं ओळखणारं आमच्यात कुणी नाही.

आणि अकराच्या सुमाराला टेबलावर आधार कार्ड आलं. सोनाबाई! डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, मान खाली. कार्डावरचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा फोटो कुणासारखाच नसतो.

आम्हाला इतका आनंद झाला की विचारू नका. मी त्यांना हात धरून चढवलं. मॅडमनी मामांना फोन करून सांगितलं, "आक्का आल्या!" मामांनी लांबूनच, पाठमोरे, सॅल्यूट ठोकला.

मॅडमनी तपासताना विचारलं, "आक्का, चौसष्ट वर्षं?"

पदरातून आवाज आला, "व्हय."

"केस काळे कसे हो?"

"डाय."

मॅडमनी कागदावर लिहिलं, 'प्रकृती वयाच्या मानाने उत्तम.' मग हातानं तपासलं, तर डाव्या बाजूला गाठच नाही. पुन्हा तपासलं, नाही. मशीनवर फोटो काढले. डावी बाजू स्वच्छ. उजव्या बाजूला मात्र एक ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. हाताला लागणारच नाही इतका लहान. मॅडमनी तेवढा भाग पुन्हा काढायला लावला.

साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांचा रिपोर्ट यायला चार दिवस गेले. ते चार दिवस आम्ही दोघी संगीतावर चिडत होतो, की आशाताई असून हिला डावं-उजवं कळत नाही! रिपोर्ट आला. ठिपका चांगला वाटत नाही, सुई घालून तुकडा काढून तपासा, उशीर करू नका.

*

आता शेवटचा.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच रस्त्यानं पुढच्या कॅम्पला जायची होती. वाटेत संगीताला घेतलं आणि गाडी थेट आक्कांच्या दारात उभी केली. आक्का अंगणात शेंगा फोडत बसलेल्या. उन्हानं रापलेल्या, केस पांढरेशुभ्र. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम केसांकडे बघत होत्या.

तरी मॅडम खाली बसल्या, कागद काढला आणि जपून सांगायला लागल्या. "आक्का, घाबरायचं नाही. मागच्या तपासणीत तुमच्या उजव्या बाजूला..."

आक्का हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "आवं मॅडम, म्या कुटं आल्ती? सुनंदीला धाडली माजं कार्ड दिऊन! म्हनलं, एकदा जाऊन ये म्हंजी ह्या संगीचा फोन तरी बंद हुईल. कसं फशिवलं!"

संगीता नाही हसली. मॅडम नाही हसल्या. सुनंदा गवताचा भारा डोक्यावर घेऊन परसातून येत होती. आमच्याकडे बघून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "च्या ठिवू का?"

पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष लागायचं नाही. सुनंदा त्रेचाळीस वर्षांची. आम्ही तिथं दोनदा कॅम्प लावला, दोन्ही वेळा ती बाकीच्यांना बोलावत फिरली आणि स्वतःचं नाव काही दिलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीया!" साताऱ्याला तिचं ऑपरेशन झालं. कॅन्सरच होता, पण लहान होता, काखेपर्यंत गेलेला नव्हता. रेडिएशनचे शेक घेतले, गोळ्या चालू आहेत. ह्या वर्षी कांद्याच्या लागणीला सगळ्यांत पुढच्या सरीत होती आणि मला फोन करून सांगत होती की मजूर कामं करत नाहीत. आक्कांच्या गाठीत नुसतं पाणी निघालं. सुईनं दहा मिनिटांत काढलं.

पण त्या दिवशी अंगणात ह्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. आक्कांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"कागुद दावा."

मॅडमनी दिला. आक्कांना वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "ह्ये नाव कुनाचं?"

"तुमचं, आक्का."

"वय?"

"तुमचंच."

"मंग गाठ बी माजीच."

मॅडम म्हणाल्या, "आक्का, असं नसतं. फोटो सुनंदाचा आहे."

"सरकारी कार्ड माजं, नाव माजं. तिचं नावसुदिक न्हाई ह्यात. तिला ल्हान लेकरं हायती. ती न्हाई येनार साताऱ्याला. म्या येते."

"आत्याबाई, गप बसा," सुनंदा म्हणाली. भारा अजून डोक्यावरच.

आक्का उठल्या. मांडीवरच्या शेंगा अंगणभर सांडल्या. त्या तरातरा गाडीकडे निघाल्या, चालता चालता चोळीची गाठ सोडत. मामा गाडीपाशीच उभे होते, त्यांना पाठ करायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

मी मागं पळत गेले. आत जाऊन बघते तर तीन-चार महिने कुणाला अंगाला हात लावू न देणारी ही बाई मशीनसमोर उघडी उभी. कुणी काही सांगायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं छाती पट्टीवर ठेवली होती.

"चल पोरी, दाब," आक्का म्हणाल्या. "पायजे तेवढं दाब. पन माज्यातच निगू दे."