डायलच्या मागे कोरलेले शब्द

निवृत्तीनंतर अनेक गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. जुन्या घड्याळांचा तो गुन्हा मात्र मनातून जात नाही. तेव्हा मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. वडिलांच्या हातात असायचं तसंच जुनं स्विस घड्याळ त्यांनी ऑनलाइन घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मूळ डायल, कधीही न रंगवलेली'. विक्रेता नाशिकचाच. घड्याळ हातात आल्यावर डायल रंगवलेली असावी, असा त्यांना संशय आला.

"साहेब, आयुष्यभर मी पार्ट तपासले, आणि इथं फसलो," ते म्हणाले.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "अक्षरं बघा, कुठं जाड, कुठं बारीक. छापील अक्षर असं नसतं. काटे पिवळे पडलेत आणि डायल मात्र कोरी. हे रंगवलंय." भिंग काढून म्हणाले, "असा हात आपल्याकडे एकाचाच. मालेगावला बसतात."

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. विक्रेता घराला कुलूप लावून पसार झाला होता. मी मालेगाव गाठलं. पॉवरलूमच्या खडखडाटात, एका अरुंद गल्लीतल्या दुकानात सत्तरीचे ते कारागीर डायल रंगवत बसले होते; गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. दंडाला धरून उठवलं. सगळी गल्ली बघत असताना त्यांना जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात मी सरळ एकेरीवर आलो. "किती लोकांना फसवलंस?"

"कोणाला नाय, साहेब. लोक खराब डायल आणतात, मी रंगवतो. पुढं कोण काय सांगून विकतो, मला नाय माहीत."

"खोटं बोलू नकोस."

"प्रत्येक डायलच्या मागं मी लिहून ठेवतो. खोलून तर बघा."

मुद्देमाल सील झाला होता. तो उघडायचा म्हणजे परवानगी, पंच, जाणकार. मला तो वेळकाढूपणा वाटला. खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःहून 'तपासून बघा' म्हणत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला कळायला हवं होतं. चाचांना दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी विक्रेता सटाण्यात नातेवाइकांकडे सापडला. तो पटकन बोलला. "चाचाला काय माहीत? मी घरचं घड्याळ सांगून रंगवून घ्यायचो."

मग परवानगी काढून पंचांसमोर घड्याळ उघडलं. डायलच्या मागे सुईनं उर्दूत बारीक कोरलेलं होतं. आमच्या हवालदारानं वाचलं, "नया रंग."

चाचांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला आणि ते सुटले. विक्रेत्यावर दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली.

महिन्याभरानं मी साध्या कपड्यांत मालेगावला गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्यानं घर दाखवलं. चाचांनी आत बसवलं, चहा मागवला. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "चाचा, माझी चूक झाली. तुम्ही सांगत होतात ते मी ऐकायला हवं होतं."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही आले, बरं वाटलं. पण साहेब, नेलं होतं सगळ्या गल्लीसमोर. माफी इथं, दार लावून."

संशयिताचं म्हणणं आधी तपासावं, हे त्यानंतर मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. पण त्या दिवशी दार उघडून, गल्लीत उभं राहून तीच माफी मागणं माझ्या हातात होतं. मी चहा संपवला आणि मान खाली घालून निघून आलो.